सरासरी कशाची काढायची?

बुलढाण्याचा पिनकोड ४४३००१, शेगावचा ४४४२०३ आणि खामगावचा ४४४३०३. यांची सरासरी काढा असे सांगितले, तर मुले निमूटपणे बेरीज करून तीनने भागतील आणि ४४३८३५.६७ हे उत्तर देतील. भागाकार बरोबर, पण हा पिनकोड कोणत्या गावाचा? संख्याशास्त्राचा पहिला पाठ इथूनच सुरू करू या.

निरीक्षणे पद्धतशीर नोंदवली की सांख्यिक सामग्री तयार होते. माणसागणिक किंवा घरागणिक ज्याची नोंद बदलते, ते चल. जनगणनेची प्रश्नावली म्हणजे चलांची यादीच. २०११ च्या जनगणनेत पुरुषासाठी १ आणि स्त्रीसाठी २ हा संकेतांक होता. तक्त्यांनुसार बुलढाणा जिल्ह्यात १३,३७,५६० पुरुष आणि १२,४८,६९८ स्त्रिया होत्या. या संकेतांकांची सरासरी सुमारे १.४८ येते. स्त्रीसाठी २ ऐवजी ७ लिहिले असते, तर तीच ३.९ आली असती! माणसे तीच, सरासरी मात्र निराळी. म्हणजे हे आकडे नुसती नावे आहेत. अशा नामदर्शक चलात फक्त मोजणी करता येते, आणि मोजणीतून गुणोत्तर काढता येते.

प्राथमिक, माध्यमिक, पदवी यांत क्रम आहे. पण दोन पायऱ्यांतले अंतर सारखे नाही. हे क्रमदर्शक चल. घरातील माणसांची संख्या हे खंडित चल. साडेचार माणसे घरात नसतात. वय मात्र सतत वाढते, म्हणून ते सतत चल. जनगणनेत ते पूर्ण झालेल्या वर्षांत लिहितात. विचारले की लोक चाळीस, पंचेचाळीस असे गोल आकडे सांगतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी असते, ती का हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

आता ही दोन चले एकत्र पाहू. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे २००१ मध्ये ९४६ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ९३४. बारांची घट फारशी डोळ्यांत भरत नाही. पण वयाचे गट पाडून फक्त सात वर्षे पूर्ण न झालेली बालके घेतली, तर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९०८ आणि २०११ मध्ये ८५५! घट ५३ ची. एकूण लोकसंख्येत कित्येक दशकांत जन्मलेली माणसे मिसळलेली असतात, त्यात ही अलीकडची घट झाकली गेली.

गर्भलिंगनिवड होत नाही तेथे जगभर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. त्या मानाने ८५५ हा आकडा फारच खाली आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. त्यानंतरही ही घट झाली, तीही जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेड राजाच्या जिल्ह्यात.

शाळेच्या रजिस्टरावरून असाच तक्ता वर्गात करता येईल. मात्र पटावरच्या मुली म्हणजे गावात जन्मलेल्या सगळ्या मुली नव्हेत. आणि चाळिसांच्या वर्गात २२ मुलगे व १८ मुली निघाल्या, तर लगेच निष्कर्ष काढू नये. एवढा फरक योगायोगानेही पडतो. निदान आठ-दहा वर्षांची, शेजारच्या शाळांसह नोंद एकत्र करावी.