खेळाचे मैदान कोठे आखावे?

मुलांनो, पिकलबॉल हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. सपाट बॅटने भोके असलेला प्लास्टिकचा चेंडू जाळीपलीकडे मारायचा, असा हा खेळ आहे. १९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड व त्यांचे मित्र यांनी तो सुरू केला. प्रिचर्ड यांच्या घराजवळ बॅडमिंटनचे जुने मैदान होते, पण खेळायचे साहित्य पुरते सापडेना. तेव्हा त्यांनी टेबल टेनिसच्या बॅटी घेतल्या. मैदान मात्र बॅडमिंटनचेच ठेवले. आता हे बॅडमिंटन कोठले? एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी ते खेळत आणि त्याला 'पूना' म्हणत. म्हणजे या नव्या खेळाचे एक मूळ आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे! पुढे मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी पिकलबॉल भारतात आणला आणि २००८ साली त्याची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली.

या खेळाचे मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद असते. खेळाडूंना मागेपुढे धावण्यासाठी मोकळी जागा धरली, तर ६० फूट लांब व ३० फूट रुंद जागा लागते. टेनिसच्या एका मैदानाच्या जागेत अशी चार मैदाने मावतात. त्यामुळे शहरांतल्या बागांमध्ये ती आखावीत, अशी मागणी होऊ लागली आहे.

समजा, जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या एखाद्या बागेत असे मैदान करायचे आहे. (घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. मूळ आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले.) तुम्ही जागा कशी निवडाल?

प्रथम सूर्य पाहा. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो. मैदानाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, तर एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांवर ऊन येते. म्हणून लांबी दक्षिणोत्तर ठेवतात.

मग पाणी. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस भरपूर पडतो. सिमेंटवर पाणी साचले की शेवाळ धरते आणि पाय घसरतो. यासाठी मैदान अगदी सपाट करत नाहीत. दर दहा फुटांना सुमारे एक इंच उतार देतात. तीस फूट रुंदीला किती इंच उतार होईल, ते तुम्हीच काढा. जमीन काळी असेल तर आणखी एक अडचण येते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या सिमेंटला भेगा पडतात. अशा जागी माती काढून मुरूम व खडी दाबून भरावी लागते. वडापिंपळाची सावली हवीहवीशी वाटते, पण त्यांची मुळे फरशी उचलतात.

आवाजाचाही विचार हवा. टणक चेंडू टणक बॅटवर आपटला की टकटक आवाज होतो. अमेरिकेत यावरून शेजाऱ्यांच्या पुष्कळ तक्रारी झाल्या. दवाखान्याच्या किंवा वर्गाच्या खिडकीखाली हे मैदान नको.

मग ते गावाबाहेर करावे का? मोठ्या शहरांत दिवे लावून रात्रीही खेळतात. आपल्याकडे कुकडी प्रकल्पाचे पाणी आल्यावर ऊस वाढला आणि दाट उसात बिबटे राहू लागले. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, हे तुम्हांला ठाऊकच असेल. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने मुलामुलींनी एकटे घरी जावे, असे मैदान काय कामाचे? ते वस्तीतच हवे आणि खेळ दिवस मावळण्यापूर्वी संपायला हवा.

वस्तीत मोकळी जागा थोडी असते, आणि जी असते तिच्यावर मुले आधीच खेळत असतात. 'मैदान' हा शब्द उर्दूत आहे तसाच मराठीत आहे. दोन्हींत त्याचा अर्थ मोकळी जागा. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते, म्हणजे जवळजवळ पिकलबॉलएवढेच. त्यामुळे त्याच जागेवर डोळा जाणे सोपे आहे. पण कबड्डीला मऊ माती लागते. सिमेंटवर पकड केली तर गुडघे फुटतील. एकदा सिमेंट ओतले की त्या जागी पुन्हा कबड्डी होणार नाही. माझ्या मते, रोज संध्याकाळी जेथे दम घुमतो, ती जागा नव्या खेळाला देऊ नये.

त्यापेक्षा आधीच फरशी असलेली जागा शोधावी. तुमच्या शाळेच्या आवारात बॅडमिंटनच्या रेषा असतील, तर बाहेरच्या रेषा जशाच्या तशा चालतात. जाळी मात्र खाली घ्यावी लागते: कडेला ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच. जाळीजवळ दोन्ही बाजूंना ७ फुटांचा पट्टा असतो. त्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. बॅडमिंटनची पुढची रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते. ती सहा इंच मागे घ्यायची. त्याला खडूचा एक तुकडा पुरतो.