संक्रांतीचं हळदीकुंकू, तिच्या नावानं



नर्गिस दत्त १९८१ साली स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला आहे. एवढं आपल्याच्यानं व्हायचं नाही. पण घरातली कोणी स्तनाच्या कॅन्सरने गेली असेल, तर संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्या नावानं करा अन् उपकेंद्राच्या नर्सबाईंना बोलवा, असं आम्ही सुचवितो. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित सेविकांकडून दर दोन वर्षांनी बायकांची हातानं तपासणी करविली. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून बाई बोलत नाही. विधवांनाही बोलवा, गाठ काही कुंकू पाहून येत नाही. तोडणीच्या टोळीतल्या बायांनाही निरोप धाडा. हंगाम तेव्हा भरात असतो, म्हणून वेळ संध्याकाळचीच ठेवा.