भाडेपट्ट्यातील लुप्त कर्ता

वाटूरसारख्या (जि. जालना) गावी गाळा भाड्याने घेणारा दुकानदार करारातील भाड्याचा आकडा वाचतो, वकील क्रियापदे वाचतो. ‘मुदत वाढविण्यात येईल’ या कर्मप्रधान रचनेत कर्ता लुप्त असतो. मुदत वाढविणे कोणाच्या इच्छेवर अवलंबून, हा कलहाचा मुद्दा नेमका त्या लोपात दडलेला असतो. शीर्षकाचेही तसेच. ‘परवाना’ असे लिहिल्यानेच पट्ट्याचा परवाना होत नाही. दस्ताचे नाव न पाहता त्याचे सार, पक्षांचा हेतू व अनन्य ताबा ही पाहावयाची, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितले.

एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०७ अन्वये नोंदणीकृत लेखानेच होतो. नोंदणी नसल्यास दस्तातील पाच वर्षे कागदावरच राहतात. मग कलम १०६ अन्वये दुकानाचा पट्टा मासिक मानला जाऊन पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपुष्टात येऊ शकतो. फळ्या-कपाटांवरील खर्च मात्र होऊन गेलेला असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा त्याच्या अनुसूचींतील क्षेत्रांपुरता आहे. तेव्हा गाव त्यांत येते की नाही, हे वकिलास सहीपूर्वीच पाहावे लागते.