धर्मप्रसारकाचे मोजमाप

मॉर्मन पंथातले तरुण प्रचारक साधारण अठराव्या वर्षापासून घर सोडतात. मुलगे दोन वर्षे घरापासून दूर राहतात, मुली दीड वर्ष. सकाळी लवकर उठणे, धर्मग्रंथाचा अभ्यास, गरजेनुसार स्थानिक भाषेचा सराव, मग सहकाऱ्यासोबत दिवसभर लोकांना भेटत फिरणे अशी कडक दिनचर्या असते. खर्चाचा भार बहुधा स्वतःवर किंवा कुटुंबावर असतो. धर्मांतरांच्या आकड्यावरून या आयुष्याचे मोल ठरवणे मला अपुरे वाटते. प्रचारकाने तो गेला त्या मुलखाला काय दिले, हीच खरी कसोटी आहे. याचे एक जुने उदाहरण दुसऱ्या ख्रिस्ती पंथातले आहे. भंडाऱ्यासह हा भाग भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता, तेव्हा स्कॉटलंडचा तरुण मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आला. त्याने मराठी आत्मसात केली, १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली, या भागातले जीवाश्म शोधले आणि गोंडांच्या मौखिक कथा टिपल्या. १८६३ मध्ये तो बुडून मरण पावला. त्याची टिपणे ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे स्कॉटिश मिशनने भंडाऱ्यातही दवाखाना चालवला.

यावर आक्षेप येतो की सेवा हे धर्मांतराचे आमिष होते आणि पाठीशी साम्राज्याची सत्ता होती. आक्षेपात तथ्य आहे. हेतू धर्मप्रसाराचाच होता. पण हेतू मान्य नसला, तरी लिहून ठेवलेल्या गोंडी कथांची किंमत कमी होत नाही. आमिष व दडपण यांना ठाम विरोध करावा. भाषा शिकून माणसे समजून घेण्याची शिस्त मात्र आपणही उचलावी.