संकेतस्थळाचा सातबारा कोणाच्या नावे?

गोदावरी व पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या परभणी जिल्ह्याची ओळख कापूस, ज्वारी, तूर व सोयाबीन या पिकांनी घडविली आहे. मानवत व सेलू या कापसाच्या जुन्या बाजारपेठा होत. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाने 'इक्रिसॅट' या संस्थेच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हा लोह व जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण तयार केला. तो २०१८ मध्ये प्रसारित झाला. पिकाबरोबर प्रक्रियाही वाढू लागते. ज्वारीचे पीठ, पापड, तूरडाळ, सरकीचे तेल अशा मालाला गिऱ्हाईक आता केवळ मोंढ्यात शोधावे लागत नाही. पुण्यातील एखादी गृहिणी भ्रमणध्वनीवर शोध घेते आणि समोर येईल त्या उत्पादकाकडे मागणी नोंदविते. म्हणूनच लहान उद्योजक व महिला बचत गट संकेतस्थळ म्हणजेच वेबसाइट तयार करून घेण्याकडे वळले आहेत. मात्र हे काम कोणाला व कोणत्या अटींवर द्यावे, याचा विचार पुष्कळदा काम बिघडल्यावरच होतो.

संकेतस्थळ ही एकच वस्तू आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक त्यात तीन गोष्टी असतात. पहिली, डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव व पत्ता. दुसरी, होस्टिंग म्हणजे ज्या संगणकावर मजकूर व चित्रे साठविली जातात तेथील भाड्याची जागा. तिसरी, या जागेवर उभी राहणारी रचना. शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर डोमेन ही जमीन, होस्टिंग हे खंडाने घेतलेले गोदाम आणि रचना हे त्यातील बांधकाम. रचनाकार हा गवंडी व सुतार होय. गवंड्याने घर बांधले म्हणून सातबारा त्याच्या नावे होत नाही. पण संकेतस्थळाच्या बाबतीत नेमके हेच वारंवार घडते.

ते कसे घडते, हे पाहण्यासारखे आहे. समजा, जिंतूर तालुक्यातील एका बचत गटाने ओळखीच्या तरुणाला काम दिले. "सगळे मीच बघतो," असे त्याने सांगितले व गटाला ते सोयीचेही वाटले. त्याने डोमेन स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेलवर व स्वतःच्या भ्रमणध्वनी क्रमांकावर नोंदविले. त्यात लबाडी असेलच असे नाही. पुष्कळदा तो केवळ आळस असतो. दोन वर्षांनी त्या तरुणाला हैदराबादेत नोकरी लागली आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर पडून राहिली. मुदत संपली, संकेतस्थळ बंद झाले. सवलतीचा काळ उलटल्यावर तेच नाव दुसऱ्या कोणालाही घेता येते. पापडाच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला पत्ता अशा रीतीने परक्याच्या हाती जातो.

डोमेन हे व्यापारी नावाइतकेच मोलाचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये 'सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स' या प्रकरणात मान्य केले. दुसऱ्याच्या नावलौकिकाचा गैरफायदा घेण्यास प्रतिबंध करणारा कायदा डोमेनलाही लागू होतो, असा तो निर्णय आहे. 'डॉट इन' या भारतीय नावांच्या वादासाठी लवादाचीही सोय आहे. पण लवादापर्यंत जाण्याचा खर्च व वेळ लहान उद्योगाला परवडणारा नसतो. त्यापेक्षा नोंदणी करतेवेळी मालकाने स्वतः संगणकासमोर बसावे, नाव आपले द्यावे, ई-मेल व क्रमांक आपला द्यावा आणि पावती आपल्या दप्तरी ठेवावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे. एका वेळी दहा वर्षांपर्यंतची नोंदणी करता येते.

रचनेच्या मालकीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पैसे दिले म्हणजे वस्तू आपली झाली, हा व्यवहारातील नियम येथे पुरा पडत नाही. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संगणकाचा कार्यक्रम ही साहित्यकृती मानली जाते आणि तिचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो. बाहेरच्या रचनाकाराने ठेक्याने केलेल्या कामाचा तसा आपोआप जात नाही. त्यासाठी हक्क सोडल्याचा लेखी व सही केलेला मजकूर लागतो. त्यातही मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. करारात "कायमस्वरूपी" हा एक शब्द असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

रचनाकाराची निवड करताना त्याने पूर्वी केलेली दोन-तीन संकेतस्थळे पाहावीत. पण ती त्याच्या कार्यालयातील मोठ्या पडद्यावर नव्हे, तर पालम किंवा सोनपेठच्या एखाद्या खेड्यात, साध्या भ्रमणध्वनीवर. भारी छायाचित्रे व हलती चित्रे तेथे मिनिटभर उघडत नाहीत आणि गिऱ्हाईक तेवढे थांबत नाही. जुन्या ग्राहकांना दूरध्वनी करून भाव बदलावयाचा झाल्यास त्यांना तो स्वतः बदलता येतो काय, एवढे विचारले तरी बरेच कळते.

मराठी मजकुराबाबत विशेष दक्षता हवी. छापखान्यातील जुनी पत्रके बहुधा श्रीलिपीसारख्या टंकांत जुळविलेली असतात. तो मजकूर जसाच्या तसा उचलला तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. चित्र म्हणून चिकटविला तर दिसतो खरा, पण शोधणाऱ्यास सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. पानाची भाषा मराठी असल्याची खूण रचनेत केल्यास, टंक तसा असेल तर, 'ल' व 'श' ही अक्षरे हिंदी वळणाची न उमटता राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरविलेल्या मराठी वळणाची उमटतात. देवनागरीतील 'डॉट भारत' हे पत्ते २०१४ पासून मिळू लागले. रोमन पत्त्याबरोबर तोही घेऊन ठेवणे चांगले.

कराराला वकिली भाषेची आवश्यकता नाही. पाने किती, दुरुस्त्या किती वेळा, मजकूर व छायाचित्रे कोण देणार, काम केव्हा पुरे होणार आणि पुढील वर्षी देखभालीचे किती घेणार, एवढे साध्या मराठीत लिहून दोघांच्या सह्या असाव्यात. रक्कम हप्त्यांनी द्यावी. शेवटचा हप्ता सर्व पासवर्ड व संकेतस्थळाची संपूर्ण प्रत हाती आल्यावर आणि ते पासवर्ड मालकाने स्वतः चालवून पाहिल्यावरच द्यावा.

दोष नेहमी रचनाकाराचाच असतो, असेही नाही. काम रखडण्याचे एक नित्याचे कारण म्हणजे मालकाने न दिलेला मजकूर. मालाचे वजन, भाव, टिकण्याची मुदत, पोचविण्याचा खर्च ही माहिती रचनाकाराला कोठून असणार? ती अगोदर कागदावर उतरवून दिली तर काम लवकर होते आणि स्वस्तातही. कोणतीही माहिती न देता "झकास करून टाका" म्हणणाऱ्यास दुसऱ्याच्याच संकेतस्थळाची नक्कल मिळते.

काम पुरे झाल्यावर नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत लाल शाईने लिहावी व तीच तारीख गटातील आणखी एका सदस्येच्या भ्रमणध्वनीतही नोंदवून ठेवावी.