भंडाऱ्याच्या वाटेवरील अँबेसिडर आणि फियाट

धुळे-नागपूरकडून येऊन रायपूरमार्गे कलकत्त्यास जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ भंडारा शहरालगत कारध्याला वैनगंगा ओलांडतो. स्वतंत्र भारतातील दोन नामांकित मोटारींची जन्मस्थाने भंडारा जिल्ह्याच्या दोन विरुद्ध दिशांना आहेत: पूर्वेस कलकत्त्यानजीकचे उत्तरपाडा, जेथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावरून हिंदुस्तान मोटर्सची अँबेसिडर घडू लागली, आणि पश्चिमेस मुंबईचे कुर्ला, जेथे वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून इटलीच्या फियाट ११००-डीची घडण सुरू केली. तीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली, तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली.

अँबेसिडरचे १४८९ घन सेंटिमीटरांचे पेट्रोल इंजिन सुमारे ५० अश्वशक्तीचे आणि फियाटचे १०८९ घन सेंटिमीटरांचे सुमारे ४०. परंतु पहिलीचे वजन ११०० किलोच्या वर व दुसरीचे ९०० च्या आसपास असल्याने, दर किलोमागे दोघींच्या वाट्यास येणारी शक्ती जवळजवळ सारखीच ठरते. भेद दिसतो तो ओझे चढल्यावर. अँबेसिडरच्या पिस्टनची धाव लांब, ८९ मिलिमीटरांची, म्हणून ते इंजिन मंद गतीतही नेटाने ओढते. फियाटची ७५ मिलिमीटरांची, म्हणून तिचे इंजिन चटकन फिरते, उल्हासाने पळते, पण माणसे व सामान वाढताच वारंवार खालचा गिअर मागते.

भंडारा हा माजी मालगुजारी तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा मुलूख. पावसाळ्यात काळ्या, चिकट कन्हार जमिनीतून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर खोल चाकोऱ्या पडत, तेव्हा पंधरा इंची चाकांची, जाड कमानपाट्यांवर विसावलेली अँबेसिडर जे खाचखळगे पचवी, ते चौदा इंची चाकांच्या फियाटला जड जात. पवनी वा लाखांदूरकडे लग्नाला निघालेले सहासात जणांचे कुटुंब ट्रंका-वळकट्यांसह अँबेसिडरमध्ये मावत असे, आणि हा गुण मी कोणत्याही वेगाहून श्रेष्ठ मानतो.

उलटपक्षी, भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्यांत फियाटचे आटोपशीर अंग, हलके स्टेअरिंग आणि स्टेअरिंगलगतच्या दांड्याने सहज पडणारे गिअर यांची सर अँबेसिडरला नव्हती. शिवाय पेट्रोलही फियाट कमी पीत असे. मात्र वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होई, पुरवठा तुटे, आणि फियाट भर रस्त्यात थांबे. मग चालक बॉनेट उघडून पंपावर ओला फडका गुंडाळी आणि तो निवेपर्यंत आडोशाला उभा राही.

सरकारी दौऱ्यांसाठी कलेक्टर कचेरीपासून खालपर्यंत अँबेसिडरच रूढ झाली, यात प्रतिष्ठेइतकाच तिच्या मागच्या आसनाच्या प्रशस्तपणाचा वाटा होता. १९८० च्या सुमारास तिला डिझेल इंजिन मिळाल्यावर भाडोत्री वाहतुकीचा हिशेबही तिच्याकडे झुकला. हे इंजिन सुस्त व गोंगाटी होते, परंतु डिझेल स्वस्त होते, आणि दिवसभर फिरणाऱ्या गाडीचा जमाखर्च त्यावरच ठरतो. म्हणून तुमसर-साकोलीच्या धान व्यापाऱ्याने अँबेसिडर घ्यावी आणि शहरातच वावरणाऱ्या वकिलाने फियाट, हाच माझा निर्णय. पद्मिनीचे उत्पादन शतक सरता सरता थांबले आणि अँबेसिडरचे २०१४ साली, तरी तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही.