बुलेटच्या चार्जिंगची कैफियत

मुर्तिजापूरहून दारव्ह्यावरून येणारी छोट्या मापाची रेल्वे यवतमाळला येऊन संपत असे, आणि तेथून पुढे आर्णी, पुसद, उमरखेड किंवा घाटंजीच्या बाजूस जावयाचे म्हणजे सडकेवाचून गत्यंतर नसे. त्यामुळे या जिल्ह्यात मोटारसायकल ही शौकाची वस्तू होण्यापूर्वी गरजेची वस्तू म्हणूनच वावरली. राजदूत आली, म्हैसूरची जावा आली, परंतु वडिलांनी मुलाच्या स्वाधीन करावी आणि मुलानेही ती विकू नये, असा मान पुष्कळ घरांत बुलेटलाच मिळाला. असे असूनही या गाडीविषयी एक फिर्याद अद्याप ऐकू येते, ती अशी की, बॅटरी नवी घातली तरी चार महिन्यांत बसते, रात्री दिवा मंदावतो आणि हॉर्न घोगरा होतो. या फिर्यादीचा निकाल बहुधा आणखी एक बॅटरी विकत घेऊन लावला जातो. तो निकाल चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुलेटचे मूळ घराणे इंग्लंडातील रेडिच या गावचे. हिंदी सैन्याने या गाडीची मागणी केली, 1955 साली मद्रासेत एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला. तथापि बिडाच्या सिलिंडरचे ते 350 घनसेंटिमीटरचे इंजिन आपल्याकडे एकविसाव्या शतकापर्यंत चालत राहिले. या दीर्घ परंपरेचा लाभ असा की, जुन्या गाडीच्या विजेची रचना जाणणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही आढळतो.

ही रचना मुळात साधी आहे. इंजिनाच्या डाव्या अंगास, प्रायमरी चेनच्या तेलाने भरलेल्या कव्हरात, क्रँकच्या टोकावर चुंबकाचा एक रोटर बसविलेला असतो आणि त्याच्याभोवती गुंडाळ्यांचे एक कडे, म्हणजे स्टेटर, स्थिर असते. चुंबक फिरला की गुंडाळ्यांत वीज उत्पन्न होते; परंतु ती क्षणोक्षणी दिशा पालटणारी असल्यामुळे बॅटरीच्या उपयोगाची नसते, म्हणून तिला एकाच दिशेने वाहावयास लावणारा रेक्टिफायर मध्ये घालावा लागतो. लुकास या विलायती कंपनीच्या पद्धतीच्या जुन्या सहा व्होल्टच्या जोडणीत आणखी एक तजवीज होती: दिवसा गुंडाळ्यांपैकी काहीच कामास लावावयाच्या, आणि हेडलाइटचे बटण फिरविताच उरलेल्याही जोडून घ्यावयाच्या. जावाची गोष्ट निराळी. तिच्या उजव्या अंगास खरा डायनॅमो असतो, त्याचे कार्बन झिजतात, रेग्युलेटरचे पॉइंट काळे पडतात आणि चार्जिंग थांबल्याची वर्दी लाल दिवा देतो. लाल दिवा एवढेच सांगतो की वीज येत नाही; बुलेटचा अॅम्पिअर मीटर मात्र ती किती येते आणि किती जाते, तेही सांगतो.

हेडलाइटच्या वर बसविलेली ही लहानशी तबकडी म्हणजे गाडीची रोजकीर्दच होय: काटा धनाकडे गेला तर बॅटरीत जमा, ऋणाकडे गेला तर खर्च. जाणता बुलेटवाला हिच्याकडून आणखी एक काम करून घेतो. चावी फिरवावी, सिलिंडरमधील दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून किक अगदी सावकाश खाली न्यावी. इग्निशनचे पॉइंट मिटलेले असताना ऋणाकडे कललेला काटा पॉइंट उघडताच मध्यावर येतो, आणि पिस्टन योग्य जागी आल्याची ती खूण ओळखून मग पूर्ण किक मारावी. तपासाचा आरंभही येथूनच करावयाचा असतो. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावला असता काटा ऋणाकडे ढळला पाहिजे. तो जागचा हललाच नाही तर दोष मीटरमध्ये किंवा त्याच्या मागील नटांत आहे, आणि एका सिलिंडरच्या त्या अविरत कंपनामुळे हे नट ढिले होतात ही नित्याची गोष्ट आहे. इंजिन चालू करून वेग वाढविला असता काटा धनाकडे गेला पाहिजे, आणि बॅटरी भरत आली की मध्याजवळ स्थिरावला पाहिजे. मंद ठोक्यावर तो मध्याच्या खालीवर नाचतो, यात काही वावगे नाही. त्या गतीला जमा होण्याजोगी वीज निघतच नसते, म्हणून केवळ बाजारपेठेत रखडत फिरणाऱ्या गाडीची बॅटरी निर्दोष असूनही उपाशी राहते.

यानंतर बॅटरी. यवतमाळचा उन्हाळा 45 अंशांच्या घरात जातो आणि त्या उष्म्यात बॅटरीतील पाणी झपाट्याने उडते. ते भरून काढताना विहिरीचे क्षारयुक्त पाणी ओतणे किंवा पाण्याऐवजी अॅसिड घालणे, हे दोन्ही प्रकार शिशाच्या पट्ट्यांचा नाश करणारे आहेत. तेथे डिस्टिल्ड वॉटरच हवे. सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन घरे असतात. हायड्रोमीटर लावला असता दोन घरांत 1.250 च्या वर घनता आणि तिसऱ्यात 1.150 असे आढळले, तर त्या बॅटरीवर मेहनत घेण्यात अर्थ नाही. तिन्ही घरे सारखीच खाली असतील तर मात्र दोष बॅटरीचा नव्हे. तिला मिळत नसलेल्या विजेचा होय. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत 6.3 व्होल्टच्या आसपास दाखविते, आणि इंजिनाच्या चांगल्या गतीला हा आकडा 7 कडे चढला पाहिजे. चढला नाही तर पुढचा तपास रेक्टिफायरचा.

जुन्या गाडीवरील सेलेनियमचा रेक्टिफायर म्हणजे एका बोल्टवर ओवलेल्या चौकोनी पट्ट्यांची चवड. या पट्ट्या आवळणारा नट कधीही फिरवू नये. पट्ट्या किंचित वळल्या तरी त्यांवरील थर दुखावतो आणि चांगला भाग कायमचा निकामी होतो. परीक्षेसाठी महागडे उपकरणही नको. रेक्टिफायरच्या सर्व वायरी सोडवून बॅटरी आणि एक लहान बल्ब घ्यावा. एका अग्राकडून दुसऱ्याकडे वीज सोडली असता बल्ब पेटावा आणि जोडणी उलटविली असता पेटू नये. दोन्ही बाजूंनी पेटला किंवा कोणत्याच बाजूने पेटला नाही, तर भाग गेला असे समजावे. त्याच्या जागी सिलिकॉनचा ब्रिज रेक्टिफायर बसविण्यास माझी हरकत नाही. मात्र विलायती लुकास जोडणीत धन अग्र अर्थ केलेले, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले, असे. हे न पाहता आजच्या वहिवाटीप्रमाणे बॅटरी जोडली, तर रेक्टिफायर क्षणात जळतो. म्हणून अर्थ कोणता, हे आधी पाहावे.

बल्बचीच परीक्षा स्टेटरलाही लागू पडते. त्याच्या वायरी सोडवून दोहोंमध्ये बल्ब धरावा आणि इंजिन चालू करावे. वेगाबरोबर उजेड वाढत गेला तर आतील यंत्र शाबूत आहे आणि दोष पुढच्या वायरिंगमध्ये आहे. उजेडच आला नाही तरच प्रायमरीचे कव्हर उघडावे, आधी नव्हे. उघडल्यावर बहुधा वायरच चेनला घासून सोललेली दिसते, किंवा रोटर आपल्या मध्यापासून ढिला होऊन स्टेटरवर चकाकणारी घासण पाडून बसलेला असतो. वायरिंगचे म्हणाल तर, पुसद किंवा उमरखेडच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात जोडांवर बसतो, तो वाळतो, आणि अर्थच्या खाली हिरवट गंज धरतो. हा गंज खरवडून काढणे हे कित्येक फिर्यादींवरील संपूर्ण औषध असते.

सगळी रचनाच काढून टाकून बारा व्होल्टची नवी बसविण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. ज्याला रोज रात्री महामार्गावरून जावयाचे आहे त्याच्यासाठी तो योग्यही आहे. परंतु जुनी रचना निकामी म्हणून नव्हे, तर ती समजून घेण्याचा कंटाळा म्हणून ती काढली जात असेल, तर ते नुकसान आहे, कारण काढलेला स्टेटर भंगारात गेला की पुन्हा मिळत नाही. घरात अशी गाडी असेल तर वाचकांनी एवढे अगत्याने करावे: मिस्त्रीने पहिली वायर सोडविण्यापूर्वी प्रत्येक वायरीचा रंग आणि तिचे ठिकाण कागदावर उतरवून घ्यावे, आणि तो कागद गाडीच्या आर.सी. बुकाबरोबर ठेवावा.